उंबरबारीची उघडी चूल

सातपुड्यात उंबरबारी नावाचे गाव आहे. खालच्या सपाटीतून चढून येणारी वाट गावात शिरण्याआधी एका उघड्या माळावर येते, आणि त्या माळाच्या मध्यावर काळवंडलेल्या दगडांची एक मोठी चूल आहे. तिला भिंत नाही, छप्पर नाही. वर्षभर तिच्यात पालापाचोळा साठतो, शेळ्या तिच्या दगडांवर उभ्या राहतात. पण पौषात ज्या सकाळी पहिल्यांदा दव गोठते आणि गवत मीठ सांडल्यासारखे पांढरे दिसते, त्या सकाळी गावातल्या घरोघरच्या चुली विझवतात. मग सगळे गाव या माळावर येते आणि चकमकीने नवा विस्तव पाडून या एका चुलीवर रांधते. घरातून धान्य आणायचे, लाकूड आणायचे. विस्तव मात्र आणायचा नाही. मोठ्या हंड्यात चवळी, उडीद, वाल, कुळीथ असे सगळे एकत्र शिजते. त्यात लाल मिरची इतकी पडते की वाफ नाकात गेली तरी माणूस शिंकतो. सोबत मक्याच्या पिठाचे जाड पानगे पळसाच्या पानांत दडपून निखाऱ्यात भाजतात.

पाहुणे विचारतात, हे असे का? तेव्हा गावचे पुजारी खेत्याबाबा हात शेकत शेकत सुरमीची गोष्ट सांगतात. त्यांनी ती त्यांच्या आत्याकडून ऐकली, आत्याने तिच्या सासूकडून.

फार पूर्वी, जेव्हा या डोंगरात मीठ आणि मिरची लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून येत असे, तेव्हाची ही गोष्ट. सुरमीचे घर गावातले पहिले, माळाला लागून. तिच्या नवऱ्याचे नाव वेस्ता. त्याला डोंगरातल्या सगळ्या वाटा ठाऊक होत्या, म्हणून हेमला नाईकाचा लमाण तांडा आला की तो वेस्त्याला वाटाड्या म्हणून सोबत नेई. तांडा नदीपलीकडे सपाटीत जाई, आणि होळीच्या आत वेस्ता परत येई. येताना सुरमीसाठी मिठाचा मोठा खडा आणि मिरच्यांची माळ आणी.

एका वर्षी तो आला नाही. होळी झाली, मोहाची फुले गळून गेली, पाऊस सुरू झाला. तांडाही आला नाही. पुढच्या हिवाळ्यात सुरमी दारात बसून वाटेकडे पाहत राहिली. हेमलाचा तांडा आता नदीकाठच्या दुसऱ्याच वाटेने जातो, एवढीच बातमी आली. ज्याच्या मनात काही नाही तो वाट कशाला बदलेल, असे तिला वाटले. ती वाघदेवाच्या थानावर गेली, आणि गावासमोर तिने शब्द दिला, की जोवर माझा माणूस मला परत मिळत नाही, तोवर या गावच्या कुठल्याच चुलीतला विस्तव हेमलाच्या तांड्याला मिळणार नाही. दुःख तिचे होते. गावाने तिचा शब्द आपला मानला.

असे काही हिवाळे गेले. मग एका पौषात अवकाळी पाऊस आला. नदीकाठची वाट खचली आणि हेमला नाईकाला उंबरबारीचीच चढण धरावी लागली. तांडा माथ्यावर पोचला तेव्हा माणसे चिंब भिजलेली होती, सरपण भिजलेले होते, चकमकीचा कापूससुद्धा ओला झाला होता. पाऊस उघडला आणि लगेच वारा सुटला. सातपुड्यातल्या माणसाला विचारा, पावसानंतर उघडलेले आभाळ हिवाळ्यात काय करते ते.

नाईकाची म्हातारी आई सामकी, तिला सगळा तांडा याडी म्हणजे आई म्हणत असे, ती सुरमीच्या दारात आली. पोरांपुरता तरी विस्तव दे, असे म्हणाली. सुरमीने तिला ओळखले. वेस्ता कुठे आहे, हे तिने विचारले नाही. "इथं विस्तव नाही," एवढेच म्हणाली आणि दार लोटून घेतले. म्हातारी पुढच्या घरी गेली, त्याच्या पुढच्या घरी गेली. सगळीकडे दारे लागलेली. शेवटी तांड्याने माळावरच गोण्यांचा आडोसा केला.

दार लावले म्हणजे झोप येतेच असे नाही. सुरमीच्या चुलीत निखारे होते, अंगावर घोंगडी होती, तरी तिला ऊब वाटेना, असे सांगतात. उजाडताच तिने दार उघडले. माळ पांढरा पडला होता. एक बैल आडोशाशी पाय ताठ करून पडला होता. आणि गोण्यांच्या मागे पोरे एकमेकांना चिकटून बसली होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण ती रडत नव्हती. सुरमी जवळ गेली तेव्हा तिला दिसले, की सामकी याडी मिठाचा खडा आणि सुकी मिरची पोरांच्या हातात देते आहे आणि चावा म्हणून सांगते आहे.

"हे काय करतेस?" सुरमीने विचारले.

"झोपली तर उठणार नाहीत," म्हातारी म्हणाली. "मिरचीनं जागी राहतात. आमच्याकडं दुसरं काही नाही."

म्हातारीची स्वतःची बोटे काळीनिळी झाली होती. तिने पुन्हा विस्तव मागितला नाही.

सुरमी तिथे किती वेळ उभी होती, हे कोणी सांगत नाही. तिच्या मनात काय चालले असेल, याचा खेत्याबाबा कधी अंदाज बांधत नाहीत. देवापुढे दिलेला शब्द होता. तो मोडला तर गावावर काय येईल याची भीती होती. वेस्ताही होता. सगळे होते. आणि समोर मिरची चावणारी पोरे होती.

ती घरी गेली आणि तिने आपल्या चुलीवर घागरभर पाणी ओतले. शेजाऱ्यांना तो आवाज ऐकू गेला, म्हणे. मग तिने वळचणीखालचे सुके लाकूड उचलले, वेस्त्याची चकमक आणि सावरीचा कापूस कनवटीला खोचला, दुसऱ्या दिवसासाठी दळलेले मक्याचे पीठ घेतले, मोठा हंडा डोक्यावर घेतला आणि माळावर आली. दगड मांडले. गारगोटीवर ठिणगी पाडून तिने नवा विस्तव केला.

गावचा कारभारी धावत आला. शब्दाचे काय, असे त्याने विचारले.

"गावच्या चुलीतला विस्तव देणार नाही म्हणाले होते," सुरमी म्हणाली. "ही चूल गावाची नाही, माझ्या घराची नाही. घरची मी विझवून आले. तुम्हाला काही आणायचं असेल तर दाणे आणा. विस्तव आणू नका."

कारभारी गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या धोतराच्या ओच्यात वालाचे दाणे होते. मग एकेक घर उघडले. कोणी चवळी आणली, कोणी उडीद, कोणी कुळीथ, ज्याच्या कणगीत जे होते ते. निवडायला वेळ नव्हता. सगळे एकाच हंड्यात गेले. तांड्याने मीठ आणि मिरची दिली. याडीचे हात चालत नव्हते, म्हणून गावच्या बायकांनी दगडावर मिरची लसणासोबत ठेचली. कोणी पळसाची पाने तोडून, पुसून आणली. सुरमीने पीठ मळून त्यांत दडपले आणि निखाऱ्यांत पुरले. पोरांना विस्तवाभोवती बसवले. शिजायला वेळ लागला. उडीद विरघळून कालवण दाट झाले, कुळीथ मात्र शेवटपर्यंत दाताखाली येत होते. ऊन माथ्यावर आले तेव्हा सुरमीने पहिला द्रोण भरला.

त्या वेळी हेमला नाईक पुढे आला. रात्रभर तो तिच्यासमोर आलाच नव्हता. "सुरमी, मला तुला काही सांगायचं आहे," तो म्हणाला.

"आधी खा," ती म्हणाली.

तो परत बोलू लागला. तिने द्रोण त्याच्या हातात ठेवला आणि पुढच्याकडे वळली. सगळी पोरे, बायका, गडी, शेवटी याडी, असे सगळे जेवले. वाफाळत्या कालवणात पानगा बुडवून खाताना माणसांच्या ओठांना रंग आला. हंडा रिकामा झाला तेव्हा सुरमी वाढायचा डाव हातात घेऊनच हेमलासमोर बसली.

"आता सांग. वेस्ता कुठं आहे?"

हेमलाने सांगितले. नदीपलीकडे वेस्त्याला ताप भरला. त्याला चालवेना. आभाळ भरून आले होते, बैलांवर मीठ होते, पाऊस पडला असता तर सगळ्या तांड्याचे वर्ष वाहून गेले असते. म्हणून त्याला एका मोहाखाली, पाण्याची पखाल उशाशी देऊन ठेवले. मीठ उतरवले की परत येतो, असे सांगितले. परत गेले तेव्हा उशीर झाला होता. तिथेच त्याला मातीत ठेवले आणि वर दगड रचले. "तो हाक मारत होता," हेमला म्हणाला. "मी वळून पाहिलं नाही. तुझ्यासमोर यायला तोंड नव्हतं, म्हणून ही वाट सोडली."

म्हणजे सुरमीचा राग खोटा नव्हता. गावातली माणसे उठली, काहींनी काठ्या उचलल्या. हेमला जागचा हलला नाही. सुरमीने डाव आडवा धरला.

"यांनी माझ्या हातचं खाल्लंय," ती म्हणाली. काठ्या खाली आल्या.

मग ती याडीकडे वळली. आवाज अगदी हलका होता, असे सांगतात. "मला कळत होतं, चांगलं काही ऐकायला मिळणार नाही. आधी ऐकलं असतं तर तुम्हाला वाढायला माझा हात चालला नसता. म्हणून विचारलं नाही."

म्हातारीने हंडा उचलला, ओढ्यावर नेला आणि दुखऱ्या बोटांनी तो घासून आणला.

दुसऱ्या दिवशी उन्हे तापू लागल्यावर सुरमी तांड्यासोबत खाली उतरली. त्या मोहाखाली बसून ती हवे तेवढे रडली. तिथल्या दगडांतला एक उचलून तिने वाघदेवाच्या थानावर आणून ठेवला. माझा माणूस मला मिळाला, शब्द फिटला, असे देवाला सांगितले. तिने हेमलाला माफ केले का? पाहुणे हे हमखास विचारतात. खेत्याबाबा मान हलवतात. त्याच्या हातून तिने पुन्हा कधी मीठ घेतले नाही, म्हणे. याडी जिवंत होती तोवर याडी द्यायची. पण दर हिवाळ्यात पहिले दव गोठले की सुरमी घरची चूल विझवून माळावर हंडा चढवी. हेमला आला तर त्यालाही वाढी, सगळ्यांसारखेच. ती थकली तेव्हा गावाने हंडा चढवला.

आता तांडे राहिले नाहीत. बारीतून, म्हणजे खिंडीतून, डांबरी रस्ता गेला आहे, मीठ दुकानात मिळते. पण आजही त्या दिवशी मिरची गावच्या शेतातली वापरत नाहीत, बाहेरून आणतात. आजही हंडा उतरला की गाव लगेच जेवत नाही. पहिला द्रोण आणि पहिला पानगा चढणीवरून येणाऱ्या पहिल्या माणसाचा. तो शिक्षक असो, जंगलखात्याचा शिपाई असो, वाट चुकलेला असो, की गावाशी भांडून गेलेला कोणी असो. त्याचे पोट भरेपर्यंत त्याला नाव विचारत नाहीत, कुठून आलास हेही विचारत नाहीत. कधी कधी ऊन कलते तरी कोणी येत नाही. पोरे कुरकुरतात, कालवणावर साय धरते, बायका निखारे सारून ते पुन्हा तापवतात, आणि सगळे गाव चढणीकडे तोंड करून बसून राहते. कोणीच आले नाही, असा एकही हिवाळा अजून गेलेला नाही, असे खेत्याबाबा सांगतात.