मांडीचं बिनदाराचं कोठार

फार मागं, एका पैलवानाच्या अंगात यकृत आणि मांडी जेवणातून आलेली साखर आपापल्या कोठारात साठवत. भूक लागली की यकृत त्यातली थोडी थोडी मेंदूला पाठवी.

“यकृतभाऊ, अन्नछत्र उघडलंत काय?” मांडी फिदीफिदी हसे. “माझ्या कोठाराला मी बाहेरचं दारच ठेवलं नाही!”

एकदा वजन उतरवायला पैलवान दोन दिवस उपाशी राहून आखाड्यात उतरला. यकृताचं कोठार संपलं. ते म्हणालं, “मांडीबाई, मेंदूला घेरी येतेय. मूठभर द्या हो.”

“शड्डू माझ्यावर ठोकतात, मेंदूवर नाही,” मांडी म्हणाली.

पैलवानाचा तोल गेला. “घ्या, हवी तेवढी घ्या!” मांडी किंचाळली. पण द्यायला दार कुठं होतं? समोरच्यानं हात लावायच्या आधीच ती भरल्या कोठारासकट मातीत आपटली.

“मांडी मात्र काय भरदार!” बघे म्हणाले.