मुशीतून वाचलेली नाणी

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. मुलांनी ऐकावी आणि थोरांनीही. समुद्रकाठी एक राज्य होतं. तिथली मिरी न्यायला दूरदूरची गलबतं येत आणि मोबदल्यात स्पेन देशाची सोन्याची नाणी देऊन जात. राजाचा नियम असा, की परकं नाणं आलं की ते मुशीत वितळवायचं आणि आपल्या मोहरा पाडायच्या.

टांकसाळीत हे काम येसाबाई सोनारीण करी. मुशीत टाकण्याआधी ती प्रत्येक नाणं निरखून बघे. एखाद्यावर घोड्यावर बसलेला राजा, एखाद्यावर सिंह, एखाद्यावर तीन बुरुजांचा किल्ला. कुण्या कारागिरानं डोळ्यांत तेल घालून कोरलेलं काम आपल्या हातून क्षणात पाणी होतं, याची तिला रुखरुख लागे.

एक दिवस तिनं खजिनदाराकडे मागणं घातलं. प्रत्येक तऱ्हेचं एक नाणं मला द्या, तेवढ्याच वजनाचा माझा दागिना घ्या.

खजिनदार हसला. "सोन्याला सोनं देऊन तुमच्या हाती काय लागणार, येसाबाई?"

"सोनं तुमच्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "मला त्यावरचं कोरीवकाम हवंय."

आधी अंगठ्या गेल्या, मग तोडे मोडून तुकड्या-तुकड्यानं गेले. जावांनी तिला वेड्यात काढलं. अकराव्या नाण्याच्या वेळी आईच्या कुड्या तेवढ्या उरल्या होत्या. दोन दिवस तिचं मन होईना. तिसऱ्या दिवशी तिनं त्या कानांतून काढल्या आणि तराजूत ठेवल्या.

पुढे काही वर्षांनी एक परका व्यापारी तसल्याच नाण्यांच्या पेट्या घेऊन आला. त्याला सगळ्या हंगामाची मिरी हवी होती, तीही ओहोटी लागण्याआधी. त्या मिरीवर राज्याचं वर्षभराचं धान्य यायचं होतं. नाणं कसोटीच्या दगडावर घासलं, तर रेघ पिवळीधमक उमटली. तरी खजिनदाराच्या मनात पाल चुकचुकली. सौदा होईपर्यंत नाणं फोडू देणार नाही, असं व्यापारी म्हणत होता आणि ताडून बघायला जुनं नाणं खजिन्यात एकही उरलं नव्हतं.

येसाबाईला बोलावणं गेलं. तिनं आपली अकरा नाणी राजापुढे मांडली आणि त्यांतल्या एकाशेजारी व्यापाऱ्याचं नाणं ठेवलं.

"महाराज, याच्या किल्ल्याला दोनच बुरूज आहेत. हे फोडून बघा."

व्यापाऱ्यानं आरडाओरडा केला, पण राजानं छिन्नी मागवली. वरचा सोन्याचा पापुद्रा फाटला आणि आत तांबं निघालं. व्यापारी कैदेत गेला, मिरी वखारीतच राहिली.

राजानं तिला हवं ते मागायला सांगितलं. येसाबाईनं स्वतःसाठी काही मागितलं नाही. येणाऱ्या प्रत्येक तऱ्हेचं एक नाणं न वितळवता खजिन्यात ठेवावं, एवढंच ती म्हणाली. राजानं त्याच दिवशी तसा हुकूम काढला.

तात्पर्य : सोनं पुन्हा मिळवता येतं, पण पुसून टाकलेली खूण पुन्हा मिळत नाही.