महिपतीच्या डोक्याला खत

एका गावात महिपती नावाचा एक भोळा मुलगा राहत होता. भोळा म्हणजे किती, तर जो जे सांगेल ते ऐकायचा. आपल्याकडे मोठ्यांचं ऐकणाऱ्या मुलाला गुणी म्हणतात. महिपती इतका गुणी होता की त्याच्या आईला, गोदाबाईला, त्याची धास्तीच बसली होती.

महिपतीचं लग्न जमत नव्हतं. कारण त्याचे केस. वय अठ्ठावीस, आणि कपाळ रोज थोडं थोडं मागं सरकत टाळूपर्यंत पोचलेलं. शेवटी शेवंता नावाच्या मुलीचं स्थळ आलं. महिपती तिला बघायला गेला. त्यानं तिला पाहिलं, तिनं त्याला पाहिलं, मग पोह्यांच्या बशीवरून दोघांनी पुन्हा एकदा पाहिलं. पसंती झाली. पण शेवंताला वडील नव्हते. तिच्या घरात शब्द चालायचा तो केरबामामांचा.

केरबामामांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "पोरगा बरा हाय. पर केस लई इरळ. म्हैन्याभरानं घर बघायला येतो. तवर केसांचं कायतरी करा."

खुद्द मामांच्या टोपीखाली काय आहे, ते पंचवीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. पण मुलीकडच्यांना असं काही विचारायची पद्धत नाही.

घरी येऊन महिपती आईला म्हणाला, "लगीन केलं तर शेवंताशीच." त्यानं जन्मात पहिल्यांदाच काही मागितलं होतं. गोदाबाईला भरून आलं. तिनं चंद्री विकली. चंद्री म्हणजे शेळी, दुभती होती.

चंद्रीचे पैसे घेऊन महिपती तालुक्याच्या गावी केसांच्या दुकानात गेला. तिथं पांढरा कोट घातलेली एक बाई होती. डॉक्टर नव्हती, पण कोट पांढरा होता, आणि तेवढं पुरतं. तिनं त्याच्या डोक्यावर एक दिवा धरला, 'अरेरे' म्हणाली आणि तीन बाटल्या पुढं ठेवल्या.

"हा शांपू, म्हणजे सफाई. हा कंडिशनर, म्हणजे मलई. लावा, दोन मिनिटं थांबा, धुऊन टाका. आणि हे सीरम, म्हणजे केसांचं खतच समजा. यात परदेशातल्या एका झाडाचं तेल आहे. ते झाड वर्षातून एकदाच फुलतं."

"शिकेकाई चालंल का?" महिपतीनं विचारलं.

बाई हसली. आजारी माणसाकडं बघून हसतात तसं. "तीन महिन्यांत फरक दिसेल. बाटल्या मात्र थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा."

तिन्ही बाटल्या मिळून एका शेळीएवढ्या महाग होत्या. पिशवीत घातल्या तर कोंबडीएवढ्याही भरल्या नाहीत.

गोदाबाईनं बाटल्यांना हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, "महागाची वस्तू हाय. बाई बोलली तसंच कर."

महिपतीनं थंड आणि अंधारी जागा शोधली. ट्रंक अंधारी होती, पण पत्र्याखाली तापायची. माळ्यावर उजेड यायचा. परसातली विहीर मात्र थंडही होती आणि अंधारीही. त्यानं शांपूच्या बाटलीच्या गळ्याला दोरी बांधली आणि ती विहिरीत सोडली. गाठ सुटली. काचेची बाटली विहिरीतल्या दगडावर आपटून फुटली आणि बुडाली.

गोदाबाईनं पोहरा वर ओढला तर अर्धं पाणी आणि अर्धा फेस. शेजारच्या धोंडूनानांनी त्याच पाण्यानं म्हैस धुतली. म्हैस आठवडाभर अशी चमकत होती की लोक थांबून बघायचे. म्हणजे शांपू चांगलाच होता. फक्त लग्न म्हशीचं जमवायचं नव्हतं.

"आरं, कुणी सांगितलं हुतं तुला?" गोदाबाईनं कपाळाला हात लावून विचारलं.

"बाईनं. थंड आन् अंधारी जागा."

"आसली वस्तू पाण्यापास्नं लांब ठिवावी. पाण्याचा थेंब लागू दिऊ नये."

"बरं," महिपती म्हणाला. त्यानं ते पक्कं लक्षात ठेवलं. लक्षात राहायचं, हीच तर त्याची अडचण होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं कंडिशनर काढला. सगळी मलई डोक्यावर थापली आणि दोन मिनिटं थांबला. आता धुवायची, असं कोटवाल्या बाईनं सांगितलं होतं. पण पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, असं आईनं सांगितलं होतं. कोटवाली बाई मोठी की आई मोठी? महिपतीनं आईचं ऐकलं.

आठ दिवस त्यानं मानेखालीच अंघोळ केली. ते खळ्यावर मळणीचे दिवस होते. जोंधळ्याचं भूस उडायचं ते नेमकं महिपतीच्या डोक्यावर येऊन बसायचं. मग मुंग्या आल्या. मग कोंबड्या त्याच्या मागं मागं फिरायला लागल्या. डोक्यावर टॉवेल गुंडाळून तो नेटानं हिंडत राहिला. नवव्या दिवशी वासावरून गोदाबाईला संशय आला आणि तिनं टॉवेल ओढला.

"आरं, कुणी सांगितलं हुतं तुला?"

"तूच. पाण्याचा थेंब लागू द्यायचा न्हाई."

आणि खरोखर तिनंच सांगितलं होतं. तिनं त्याला न्हाणीत बसवून घासलं. भूस निघालं. भुसाबरोबर उरलेल्यातले बरेचसे केसही निघाले.

"येड्या, आसलं काय बी घातलं की लगीच पाणी सोडायचं. भरपूर सोडायचं. समदं व्हाऊन जाईस्तवर."

"बरं," महिपती म्हणाला.

तसं पाहिलं तर कोटवाली बाई तरी वेगळं काय सांगत होती? मलई विकत आणायची, दोन मिनिटं डोक्यावर ठेवायची आणि मोरीत सोडून द्यायची. शहाण्या माणसानं असं केलं की त्याला केसांची निगा म्हणतात. महिपतीनं आठ दिवस मलई ठेवून तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला, तर त्याला येडा म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात महिपतीच्या वडलांनी, रंगनाथनं, त्याला वांग्याच्या वाफ्यांना खत घालायला पाठवलं. महिपतीनं खत घातलं आणि लगेच मोटार चालू केली. भरपूर पाणी सोडलं. सगळं वाहून जाईपर्यंत सोडलं. खत वाफ्यांतून निघालं ते थेट बांधाला जाऊन थांबलं. काही दिवसांत बांधावरचं गवत गुडघाभर झालं. वाफ्यांत जे काही थोडं राहिलं होतं, ते तणानं खाल्लं. वांगी होती तेवढीच राहिली.

रंगनाथ मितभाषी माणूस होता. तो बांधावर उभा राहिला, गवताकडं बघितलं, मग मुलाकडं बघितलं.

"कुणी सांगितलं हुतं?"

"आईनं."

रंगनाथ बायकोशी वाद घालत नसे. त्यानं मुलाला खाली बसवलं आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. "ह्ये बघ. तण ठिवून खत घातलं की खत वाया जातं. आदी रान मोकळं करायचं. येक काडी ठिवायची न्हाई. भुई तळहातासारखी करायची. मग समदं खत घालायचं. मग झाकायचं न्हाई, ऊन-वारा लागू द्यायचा. बांधावरचं गवत तेवढं ऱ्हाऊ दे, ते गुरांस्नी हुतं. कळलं?"

"कळलं," महिपती म्हणाला. त्याला खरंच कळलं होतं.

केरबामामा घर बघायला यायचा दिवस उजाडला. गोदाबाईनं अंगण सारवलं. रंगनाथ पेढे आणायला बाजारात गेला. महिपतीजवळ आता एकच बाटली उरली होती, सीरमची. बाई काय म्हणाली होती? केसांचं खतच समजा. महिपती उठला आणि बबनच्या सलूनमध्ये गेला.

"समदं काढ," तो खुर्चीत बसत म्हणाला. "येक काडी ठिवू नगंस."

बबनचा वस्तरा थांबला. "मिशी?"

"ती बी."

"भुवया?"

महिपतीनं विचार केला. "त्या बांधावरच्या. ऱ्हाऊ देत."

आपल्याकडं तरण्या माणसानं डोकं आणि मिशी दोन्ही उतरवली की कुणी पुढं काही विचारत नाही. ती वडील गेल्यावरच उतरवतात. बबननंही विचारलं नाही. मुकाट्यानं काम केलं, पैसे घेतले नाहीत आणि महिपती निघताना हात जोडले. लग्न जमतंय म्हणून बबन खूश आहे, असं महिपतीला वाटलं. घरी येऊन त्यानं अख्खी बाटली डोक्यावर रिकामी केली आणि ऊन-वारा लागावा म्हणून उघड्या डोक्यानं दारात उभा राहिला.

केरबामामा, मामी आणि शेवंता आले. मामा हसत हसत येत होते. महिपतीचं डोकं दिसलं आणि त्यांचं हसू मावळलं. त्यांनी चपला लांबच काढल्या. घरात डोकावून बघितलं. रंगनाथ कुठं दिसेना. तेवढ्यात गोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि तिनं मुलाचं डोकं पाहिलं. तांब्या हातातून पडला. ती उंबऱ्यावरच बसली आणि तिनं हंबरडा फोडला.

"माझी दुभती चंद्री गेली, आन् आता ह्यो दिस बगायचा आला."

मामी धावल्या आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. चंद्री कोण, ते त्यांना माहीत नव्हतं, पण एका घरातली दोन माणसं गेली म्हणजे फारच वाईट. मामा खांबाला टेकून म्हणाले, "धीर धरा, वैनी. रंगनाथराव देवमाणूस हुते."

इतक्यात रंगनाथराव पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले.

"आलासा? बसा की. पेढं घ्या," ते म्हणाले.

मामी मटकन खाली बसल्या. पेढे कुणी घेतले नाहीत.

सगळे सावध झाल्यावर मामांनी महिपतीला विचारलं, "मग ह्ये डोकं कशापायी?"

"आबांनी सांगितलं. आदी रान मोकळं करायचं, मग खत घालायचं." आणि त्यानं रिकामी बाटली दाखवली.

मामा उठलेच. लग्न मोडल्यातच जमा होतं. महिपतीचे डोळे भरून आले. तेव्हा शेवंता तोंडाला पदर लावून, हसू दाबत म्हणाली, "मामा, तीन म्हैनं थांबून बगू की. खत घातलंय तर उगवंल."

मामांचं भाचीपुढं चालत नसे. "तीन म्हैनं," ते म्हणाले. "केस आलं तर लगीन. न्हाई आलं तर राम राम."

तीन महिन्यांनी केस आले. भादरलेल्या कुठल्याही डोक्यावर येतात तसेच, कुणाला न विचारता. विरळ होते. कपाळही जिथं होतं तिथंच होतं. तीन महिने गोदाबाई त्याला शिकेकाईनंच न्हाऊ घालत होती. पण मामांनी शेवटचं पाहिलं होतं ते गुळगुळीत डोकं. त्याच्या मानानं हे रान माजलेलं होतं.

"शेवटी महागाचं ते महागाचं," मामा म्हणाले, आणि तारीख ठरली.

निघताना मामांनी महिपतीला गोठ्यामागं नेलं. इकडं-तिकडं बघितलं आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या माणसापुढं टोपी काढली. आत कानांच्या वर थोडी झालर होती. बाकी सगळं पडीक.

"आमचं बी हुईल का रं? माझं आन् माझ्या चार भावांचं?"

"हुईल की," महिपती म्हणाला, आणि त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. रान मोकळं करायचं. एक काडी ठेवायची नाही. मग सगळं खत. मग झाकायचं नाही.

"आन् ह्ये कवा करायचं?"

महिपतीनं डोकं खाजवलं. आता तिथं खाजवण्यासारखं काहीतरी होतं. "पाव्हणं यायच्या दिशी सकाळी. म्या तसंच केलं, आन् लगीन जमलं."

मामा शहाणे होते. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी म्हैस विकली आणि पाच बाटल्या आणल्या.

लग्नाच्या दिवशी महिपतीचं वऱ्हाड वाजत-गाजत मांडवाच्या दारात पोचलं. दारात मामा आणि त्यांचे चार भाऊ हार घेऊन ओळीनं उभे होते. पाचांची डोकी तुळतुळीत. पाचांच्या मिश्या गायब. फेटा एकाच्याही डोक्यावर नाही. डोक्यावरचं तेल गालांवरून ओघळत होतं, ते रडल्यासारखं दिसत होतं.

बँडवाल्यानं तोंडातून सनई काढली. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी चपला काढून हात जोडले. बायका हळदी-कुंकवाची ताटं पदराखाली घेऊन निंबाच्या झाडाखाली बसल्या आणि त्यांनी रडायला सुरुवात केली. भटजींनी पंचांग मिटलं आणि बाजूला होऊन सुतकाचा हिशोब करायला लागले. मुहूर्ताची वेळ जवळ येत होती. मांडवात शेवंता हिरवा चुडा भरून वाट बघत होती, आणि बाहेर रडण्याचा आवाज ऐकून तिचा चेहरा उतरला.

"गेलं कोण?" रंगनाथनं हळूच विचारलं. मुलीकडची माणसं मोजून झाली. एकही कमी नव्हतं.

मग घोड्यावरून महिपती खाली उतरला. आईनं निघताना त्याला बजावलं होतं, 'तितं थोरली मानसं जशी वागत्यात, तसं वाग.' त्यानं थोरल्या माणसांकडं नीट बघितलं, स्वतःचा फेटा सोडून करवलीच्या हातात दिला आणि उघड्या डोक्यानं सगळ्यांपुढं उभा राहिला.

"कुणी गेल्यालं न्हाई," तो म्हणाला. "नुसतं खत घातलंय."

लग्न लागलं. मांडवात सगळ्यांचा एक फोटो काढला. मध्ये शेवंता, शेजारी मुंडावळ्या बांधलेला महिपती, आणि दोन्ही बाजूंना पाच चकचकीत डोकी. तो फोटो आजही भिंतीवर आहे. जो तो बघतो आणि न चुकता म्हणतो, "काही म्हणा, मुलाचे केस मात्र दाट आहेत हो."