सांगणकडा

पुढे जाऊ नका, इथेच थांबा. आपण उभे आहोत त्या काळ्या कातळाला आम्ही सांगणकडा म्हणतो. याच्यापुढे दरी, आणि दरीपलीकडे कोकण.

फार पूर्वी या माळावर जानकू झोरे नावाचा धनगर राहायचा, असे सांगतात. त्याने खालच्या गावातून भागीला लग्न करून आणले आणि पहिल्याच वर्षी तिला देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. जानकू तिला फार जपायचा. भाकऱ्या थापायचा, तिचे केस विंचरायचा. पण गडी मुळातच अबोल. भागी विचारायची, "बाहेर काय दिसतंय?" तो म्हणायचा, "काय न्हाई. डोंगर हाय."

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या श्रावणात ती म्हणाली, "मला म्हायेरी सोडा. अंधार सोसंन मी. ही मुकी खोपी सोसवत न्हाई."

जानकूने तिचे गाठोडे बांधले. सकाळी तिचा हात धरून निघाला. खाली उतरायची वाट या कड्यावरूनच जाते. त्या दिवशी दरी ढगांनी काठोकाठ भरली होती. पाठीमागून ऊन वर आले आणि जानकू थबकला.

"काय झालं?" भागीने विचारले.

मग तो बोलू लागला. "ढगावर माजी सावली पडलीया. तिच्या डोक्याभवती रंगांचं रिंगण हाय. भाईर तांबडं, मंग पिवळं, आत निळं. मी हाललो की त्येबी हालतंय गं."

"आन मी?"

खोटे बोलणे सोपे होते, पण त्याने दिसले तेच सांगितले. "तुजी सावली हाय. रिंगण न्हाई."

भागीने मान खाली घातली. तेव्हा जानकूने तिला जवळ घेतले आणि गालाला गाल लावला. ढगावरची दोन डोकी एक झाली.

"आता दोघांभवती हाय," तो म्हणाला.

"अजून सांगा," ती म्हणाली.

ढग विरेपर्यंत तो सांगत राहिला, आणि मग दोघे खोपीकडे परतले.

आजही आमच्याकडे लग्न झाले की जोडपे इथे येते. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने दिसेल ते सांगायचे. रिंगण ज्याला त्याला आपल्याच डोक्याभोवती दिसते, आणि तेही दिसेलच असे नाही. आमच्या वेळी नुसते धुके होते. मी जेवणवेळेपर्यंत धुके सांगत बसलो होतो.