पेन्सिल न लागलेली पानं

“पण अप्पा, आकाशात दोन चंद्र असताना भरती-ओहोटी आपल्यासारखीच कशी येईल?”

हेरंबने प्रश्न टाकला आणि दाद मिळेल म्हणून थांबला. अप्पा दीक्षित शेंगा सोलत राहिले.

वाईच्या घाटालगतच्या त्या खोलीत बसून अप्पांनी उभा जन्म एका मासिकाचं पुस्तक-परीक्षणाचं सदर लिहिलं होतं. आता डोळे दगा देऊ लागले होते आणि सदर कुणाकडे तरी सोपवायचं होतं. हेरंबचा सगळा जीव त्या सदरात अडकलेला. पारख करायची म्हणून अप्पांनी त्याला एका नवख्या लेखिकेची अद्भुत कादंबरी परीक्षणाला दिली होती. हेरंबने ती हातात पेन्सिल घेऊन वाचली. वाचली कसली, झडतीच घेतली.

“आणि तो राक्षस! अकराव्या प्रकरणात उजवा डोळा गमावतो, आणि पुढे डावा मिटून नेम धरतो.”

“बरं सापडलं तुला.”

“एकही चूक सुटली नाही, अप्पा.”

अप्पांनी हातावरची टरफलं झटकली आणि पुस्तक मागून घेतलं. अगदी नाकाशी धरून ते पानं उलटू लागले. समास पेन्सिलीने काळे झाले होते. फुल्या, प्रश्नचिन्हं, ‘अशक्य’, ‘हास्यास्पद’.

मग त्यांचा हात थांबला. एक पान कोरं होतं. पुढचंही कोरं. त्याच्या पुढचंही...

“इथे काय झालं?”

हेरंबने वाकून पाहिलं. “हां... ती बाई पूल ओलांडायला जकात म्हणून आपला चेहरा देऊन टाकते. मग घरी पोहोचते, तर... लेक दार उघडत नाही.”

“चूक नाही एकही?”

“आहे ना! चेहरा गेला तरी आवाज होताच की. लेकीने आवाजावरून ओळखायला हवं होतं.”

“मग खूण का नाही केलीस?”

हेरंब कोऱ्या समासावरून बोट फिरवत राहिला.

“पेन्सिल कुठे होती?”

हेरंब आठवू लागला. पेन्सिल खाटेखाली गेली होती, दुसऱ्या दिवशी केर काढताना बायकोला सापडली. पुढ्यातला चहा निवून त्यावर साय धरली होती. आणि आपण ते दार उघडायची वाट बघत बसलो होतो, हेही त्याला आठवलं. त्याला उगाच लाज वाटली.

“परीक्षणात या पानांबद्दल काय लिहिलंस?”

“काही नाही.”

अप्पा पुन्हा शेंगांकडे वळले. शेवटी हेरंबनेच धीर केला.

“मग अप्पा... सदराचं काय?”

अप्पांनी पुस्तक त्याच पानांवर उघडं ठेवून त्याच्यापुढे सरकवलं.

“ही पानं कुणी वाचली?”

“मीच.”

“त्याला पाठवून दे. सदर त्याला द्यायचंय.”