कार्लीबेलचं सुरीने कापायचं आईस्क्रीम

कार्लीबेल गावच्या या दुकानात गिऱ्हाईक आधी राबतं आणि मग खातं. दारातच तो लाकडी टब ठेवलेला आहे बघा. त्यात बर्फ आणि खडेमीठ, मधोमध तांब्याचा उंच डबा, आणि डब्यात उभा लोखंडी दांडा. इथे जो येईल त्याने तो दांडा धरायचा, अंगात असेल तेवढं घोटायचं, आणि मागच्याच्या हातात देऊन मगच बाकावर टेकायचं. गावचा पुढारी असो नाहीतर परदेशातला पाहुणा, कुणाला सूट नाही.

तुम्ही सगळे दमला आहात हे मला दिसतंय. सकाळपासून ते पडके किल्ले, त्या पायऱ्या, वर ते ऊन. मीही दमलोय. इतकी वर्षं आपली मराठी माणसं या देशात फिरवतोय, आता संध्याकाळी बूट काढताना वाकवत नाही. पण इथे आलो की रमझान उस्ता, म्हणजे या दुकानाचा उस्ताद, माझ्याही हातात दांडा देतो. तो कुणाचं ऐकत नाही.

"अहो शेडगे, पैसे आपण द्यायचे आणि मजुरीही आपणच करायची?" खासनीस काका दांडा धरून उभे आहेत, तोंड कडू करून. काकांचं बरोबर आहे. इस्तंबूलमध्ये त्या लाल बंडीतल्या आईस्क्रीमवाल्याने कोन हातात देतो देतो म्हणत त्यांना चांगलंच नाचवलं, सगळ्या रस्त्याने हसून घेतलं, आणि इथे ही तऱ्हा. दुष्काळात तेरावा महिना. पण काका, हात थांबवू नका. थांबलात तर आतलं दूध डब्याच्या कडेला धरतं. तुम्ही घोटा, मी सांगतो हे असं का ते. मंदाताई, तुमच्यापुढचा हा पाकातला बकलावा तसाच राहू द्या. आईस्क्रीम आल्याशिवाय इथे त्याला हात लावत नाहीत.

फार जुनी गोष्ट आहे म्हणतात. तेव्हा बर्फाचे कारखाने नव्हते. मागचा तो डोंगर दिसतोय ना, त्याच्या उत्तरेच्या अंगाला, जिथे ऊन पोचत नाही, तिथे खोल खड्डे होते. हिवाळ्यात लोक त्यांत बर्फ भरायचे, पायांनी तुडवून दाबायचे आणि वर पेंढा आणि पालापाचोळा रचून झाकून ठेवायचे. उन्हाळ्यात गाढवांवरून तो बर्फ खाली यायचा आणि त्यावर हे आईस्क्रीम व्हायचं. सगळ्यांत वरचा, सगळ्यांत खोल खड्डा ज्याच्याकडे, त्याचं घर वर्षभर चालायचं. बाकीच्यांचा बर्फ उन्हाळा अर्धा झाला की पाणी होऊन जायचा.

त्या वरच्या खड्ड्याला गावाने एक अट घातलेली होती. मे महिन्याच्या सुरुवातीला इथे वसंताचा सण असतो. त्या दिवशी हिझिर नावाचा पीर फाटक्या वाटसरूच्या रूपात गावोगाव फिरतो, अशी इथल्या लोकांची श्रद्धा. त्या सणाला खड्डेवाल्याने साऱ्या गावाला आईस्क्रीम खाऊ घालायचं, आणि तेही स्वतःच्या हाताने घोटलेलं. ते जमलं नाही, तर खड्डा दुसऱ्याकडे जायचा.

त्या काळी खड्डा बेकिर नावाच्या माणसाकडे होता. एका हिवाळ्यात खड्डा अर्धा भरून झाला होता, आणि वरून बर्फाची दरड आली. बेकिर त्याच खड्ड्यात गाडला गेला. मागे राहिली त्याची बायको, दोंदू.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उस्ताला अर्थ विचारला होता. पाठोपाठ मुलीच झाल्या की धाकटीचं नाव असं ठेवायचे म्हणे. दोंदू म्हणजे वळली. आता तरी दैव वळू दे आणि मुलगा होऊ दे, हा त्यातला भाव. आमच्या साताऱ्याकडे नकुशी ठेवायचे, तसंच. मला ते ऐकून वाईट वाटलं. इतक्या लांब यायचं आणि इथेही तेच ऐकायचं.

तर नवऱ्याला बर्फातून काढून, पुरून आल्यावर दोंदू पुन्हा डोंगरावर गेली आणि तिने उरलेला खड्डा एकटीने भरला. ज्या बर्फाने नवरा नेला, त्याच बर्फावर ती दिवसभर पाय आपटत होती. लोक म्हणाले, बाई वेडी झाली. वेडी झाली नव्हती. तो खड्डा सोडला तर तिला दुसरं काही नव्हतं.

तिचा एक दीर होता, हमझा. कार्लीबेलमध्ये त्याच्यासारखा घोटणारा दुसरा नव्हता, पण त्याचा स्वतःचा खड्डा खालचा, लवकर वितळणारा. तो एक दिवस दारात येऊन म्हणाला, "वहिनी, खड्डा माझ्या बापाने खणलाय. तो मला दे आणि तू घरात बसून खा. मी पोसतो तुला."

"पोसलेल्या बाईला घरात कुठला कोपरा मिळतो ते मला माहीत आहे, भाऊजी," दोंदू म्हणाली. "सणाच्या दिवशी गावाला खाऊ घालीन. नाही जमलं तर खड्डा तुझा."

हमझा वाईट माणूस होता असं कुणी सांगत नाही. त्याचीही पोरंबाळं होती आणि वरच्या खड्ड्यावर त्याचा डोळा होता, एवढंच. गावातले बरेचजण त्याच्याच बाजूचे होते.

काका, द्या आता मंदाताईंकडे. ताई, दांडा सरळ खाली न्या आणि फिरवून वर काढा. जोर कमरेतून लावा, नाहीतर उद्या खांदा उचलणार नाही.

सणाच्या दिवशी दोंदू उजाडायच्या आधीच डोंगरावर गेली. बर्फ फोडला, पोती भरली, गाढवावर लादली, खाली आणली आणि पुन्हा वर गेली. मग बकऱ्यांचं दूध तापवायला ठेवलं. या आईस्क्रीममध्ये साखर, मस्तकी नावाचा सुगंधी डिंक आणि सालममिश्रीची पूड घालतात. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात कंद मिळतात, त्याच जातीची. हे आईस्क्रीम जे ताणलं जातं ते त्या पुडीमुळे. ती घालायची चिमटीने. कमी पडली तर चालतं, जास्त पडली की दुधाचा नुसता चीक होतो.

दोंदूने पूड घातली आणि भांडं ढवळत बसली. कित्येक रात्रींची झोप नव्हती, हिवाळाभर अंग मोडलेलं. डोळा लागला की नुसतीच तंद्री, ते तिचं तिलाही कळलं नाही. दचकून भानावर आली तेव्हा पूड घातली की नाही ते तिला आठवेना. हाताला पुडीचा वास होता, पण तो वास तर तिच्या हाताला जन्माचाच. नसेल घातली म्हणून तिने पुन्हा घातली.

सुरुवातीला काही कळलं नाही. गाव इथेच जमलं होतं, याच चौकात. बायकांनी घरून बकलाव्याची तबकं आणली होती. दोंदू घोटत होती आणि लोक बघत होते. दुपार चढली तसा दांडा जड होऊ लागला. वर काढला की आतलं सगळं गोळा होऊन त्याच्याबरोबर वर यायचं. हमझा समोर हाताची घडी घालून उभा होता. त्याला दांड्याच्या आवाजावरून कळलं होतं की पूड दुप्पट पडली आहे. तो काही बोलला नाही.

आता यात थांबता येत नाही, तुम्ही बघताच आहात. हात थांबला की दूध डब्याच्या तळाला आणि कडेला दगडासारखं धरतं, आणि मग ते फेकूनच द्यावं लागतं. आणि दुसऱ्या कुणाला बोलवावं, तर अट मोडते. दोंदू घोटत राहिली. रडत होती म्हणतात, पण कुणाला मदत मागितली नाही. आणि मग एका क्षणी ती टबाला टेकून खाली बसली ती तिथेच झोपली. दांडा डब्यात उभाच राहिला.

एवढी माणसं, पण कुणी जागचं हललं नाही. मला या गोष्टीत सगळ्यांत जास्त राग इथे येतो. पण मी तिथे असतो तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही.

तेवढ्यात, असं सांगतात, हिरव्या फाटक्या अंगरख्यातला एक म्हातारा वाटसरू गर्दीतून पुढे आला. "हे थांबलं कसं?" एवढंच म्हणाला आणि दांडा धरला. म्हातारा माणूस, दोन हात मारले आणि त्याला धाप लागली. त्याने दांडा शेजारच्या माणसाच्या हातात दिला. म्हाताऱ्या माणसाने दिलेली वस्तू नको कशी म्हणायची? त्याने घोटलं आणि पुढच्याला दिलं. असा दांडा फिरत गेला. लोहार, न्हावी, दाई, नवी सून, सगळ्यांच्या हातून गेला. तो म्हातारा हिझिर पीर होता असं इथे सगळे मानतात. असेलही. पण हाताला फोड आले ते गावातल्या माणसांच्या.

एवढं करूनही कुणाचा हात तळापर्यंत पोचेना. दुप्पट पुडीचं दूध, ते साध्या माणसाला काय ऐकतंय! खालून ते धरू लागलं होतं. आणि फिरत फिरत दांडा हमझाच्या पुढ्यात आला.

हमझाने हाताची घडी सोडली नाही. त्याला फक्त उभं राहायचं होतं. थोडा वेळ तसाच उभा राहिला असता तर संध्याकाळी वरचा खड्डा त्याचा होता, आणि चोरी नाही की लबाडी नाही. त्याच्या बायकोने लांबून खूण केली म्हणे, धरू नकोस. तो उभा राहिला, उभा राहिला, आणि डब्याच्या तळाचा आवाज बदलला. दूध धरायला लागलं की तो कसा खरखरतो ते इथल्या घोटणाऱ्यांना झोपेतही कळतं. लहानपणापासून जो आवाज येऊ द्यायचा नाही म्हणून बापाचा मार खाल्ला, तो आवाज हमझाला ऐकवेना. त्याने बंडी काढून फेकली, दांडा ओढून घेतला, आणि संध्याकाळची अजान होईपर्यंत तो थांबला नाही.

दोंदू जागी झाली तेव्हा आईस्क्रीम तयार होतं. इतकं घट्ट, की चमचा आत जाईना. शेवटी ते खाटकाच्या आकड्याला टांगलं आणि सुरीने कापून बकलाव्यावर ठेवलं. इथे ते तसं कापायची रीत त्या दिवसापासून पडली असं मानतात. गावाने इतकं चांगलं आईस्क्रीम कधी खाल्लं नव्हतं. दोंदूने मात्र ते तोंडाला लावलं नाही. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मी झोपले. खड्डा गेला माझा."

गावचे वडीलधारे मौलवी, यूसुफ होजा. न्याय त्यांनी करायचा. त्यांनी रीतीप्रमाणे मोठ्याने विचारलं, "हे कुणी केलं?"

खरं बोलावं तर बाई उघड्यावर येते, आणि सणाच्या दिवशी खोटं बोलायचं तर जीभ रेटत नाही. जो तो आपल्या तळहाताकडे बघत होता. म्हाताऱ्या वाटसरूला विचारावं म्हणून बघतात तर तो कुठेच नव्हता. मग होजा हमझाकडे वळले, कारण खड्ड्यावर हक्क त्याने सांगितला होता. "हमझा, तू सांग. हे कुणी केलं?"

हमझाचे दोन्ही तळहात सोललेले होते. ते त्याने पाठीमागे घेतले आणि म्हणाला, "वहिनीने."

होजांनी त्याच्या सदऱ्यावरचे पांढरे डाग पाहिले, पाठीमागे नेलेले हात पाहिले, आणि खड्डा दोंदूकडे राहील असं सांगून जेवायला बसले. तुम्हाला वाटेल त्या दिवसापासून दीर-भावजयीचं गूळपीठ जमलं असेल. छे! पेंढ्यावरून, गाढवांवरून, वाटेवरून ती दोघं मरेपर्यंत भांडत होती म्हणे. पण तिच्या खड्ड्यातला बर्फ नेहमी त्याच्या घरी गेला, आणि दर सणाला दांडा त्याच्या हातात असायचा.

आता तो डोंगरावरचा खड्डा बुजलाय. हा बर्फ मशीनचा आहे. तरी अजूनही इथे एकट्याने घोटलेलं आईस्क्रीम पानात वाढत नाहीत. आणा मंदाताई, दांडा उस्ताला द्या, झालंय ते. आता तो आकडा आणि सुरी घेऊन येईल, आणि कापायच्या आधी आपल्याकडे बघून मोठ्याने विचारेल, हे कुणी केलं? काका, तुम्ही सगळ्यांत जास्त घोटलंय, तुमचे हात लाल झालेत, मला दिसतंय. पण "मी" म्हणू नका. हात पाठीमागे घ्या आणि हमझासारखं म्हणा, "वहिनीने."