बोलकी विहीर

त्या प्रदेशात नदी नव्हती, विहिरी होत्या. प्रत्येक जीव कुठल्या ना कुठल्या विहिरीचा असे आणि प्रत्येक विहीर कुणाची तरी असे. जे कुणाचेच नव्हते, त्यांच्याबद्दल तिथं कोणी बोलत नसे. त्यांची नावंच कुणाला ठाऊक नसत.

विहीर आपलीशी करण्याची तिथली रीत साधी होती. उन्हाळा तोंडावर आला की बेघर जीव एखाद्या विहिरीच्या काठावर यायचा, "आहेस का?" असं एकदाच विचारायचा, आत एक खडा सोडायचा आणि श्वास रोखून धरायचा. श्वास सुटायच्या आत खडा पाण्यात पडल्याचा आवाज वर आला, तर ती विहीर त्याची. नाही आला तर मुकाट्यानं निघून जायचं. दुसऱ्यांदा विचारणं ही लाचारी, असं तिथं लहानपणापासून शिकवत. विहीर गप्प बसली म्हणजे नको म्हणाली, इतका सरळ हिशेब. रीत शहाण्यांनी घालून दिली होती, आणि शहाण्यांना फार वेळ थांबायची सवय नसते.

माळाच्या टोकाला एक विहीर होती. तिला सगळे बोलकी म्हणत. हे नाव तिला कसं मिळालं, ते आधी सांगायला हवं.

नव्या विहिरीचं पाणी काठोकाठ असतं. कुणीही यावं, वाकून तोंड लावावं. म्हणून प्रत्येक नव्या विहिरीला एक राखणदार नेमून दिलेला असे. बोलकीच्या वाट्याला तिच्यावर झुकलेल्या उंबरावरचा वानर आला. तो अगदीच वाईट होता असं म्हणता येत नाही. सकाळी तो काठावर पालथा पडून ओंजळीनं पाणी प्यायचा, पाण्यात पडलेली पानं वेचून काढायचा, कधी कधी तिच्यात तोंड न्याहाळून हसायचाही. त्या वेळी ती आनंदानं थरथरायची. संध्याकाळी मात्र उंबरं मिळाली नाहीत म्हणून, कळपात कुणी अपमान केला म्हणून, तर कधी उगाचच, तो त्याच हातानं तिला दगड मारायचा.

विहिरीला पळून जाता येत नाही. दगड तळाशी साचत गेले. हवेतून येताना दगड बारीक शीळ घालतो, ती शीळ बोलकी ओळखायला शिकली. शीळ कानावर आली की ती पाणी खाली ओढून घ्यायची. मग दगड आधी भिंतींवर आपटायचा आणि त्याचा जोर तिथंच मोडायचा. या युक्तीनं ती वाचली. तिला वाचवायला दुसरं कुणी आलंही नाही.

आसपासच्या विहिरींना रोज संध्याकाळी तिकडून धबाधब आवाज ऐकू यायचे. "काय बोलकी पोर आहे," त्या कौतुकानं म्हणायच्या. नाव पडलं ते असं.

पुढे वानर म्हातारा झाला. एके सकाळी तो पाणी प्यायला वाकला, पण त्याचा हात पाण्याला पोचेना. विहीर आटली असं समजून त्यानं तोंड वाकडं केलं आणि तो कायमचा निघून गेला.

विहीर आटली नव्हती. तिचं पाणी गोड होतं, गार होतं आणि फार खोल होतं.

मग बोलकीचेही उन्हाळे सुरू झाले. पहिल्यांदा धोबी पक्ष्यांची एक जोडी आली. त्यांनी विचारलं, खडा सोडला. खडा चिमणीच्या डोळ्याएवढा, पण शीळ वाजलीच. पाणी झपकन खाली गेलं. पक्ष्यांचा श्वास तो केवढा! आवाज वर आला तेव्हा ते दोघं माळापलीकडे पोचले होते. नंतर एक मुंगूस आलं, थांबलं, चिडून गेलं. "तिला कुणाची गरज नाही," ते सगळीकडे सांगत फिरलं. "भारी शिष्ट आहे." लोकांना ते पटलं. हा तिच्यावर मोठा अन्याय होता, कारण तिच्याइतकी वाट त्या प्रदेशात दुसरं कुणीच पाहत नव्हतं.

चिंचेखाली एक थोरली विहीर होती. सगळे तिला आक्का म्हणत. जमिनीखालच्या झऱ्यातून ती कधीमधी बोलकीची चौकशी करायची.

"अगं, खडा असतो गं तो," एकदा ती म्हणाली. "दगड नव्हे."

"मला कळतं, आक्का," बोलकी म्हणाली. "पाण्याला कळत नाही."

'बोलकी' हे नाव कौतुकानं ठेवणाऱ्यांत आक्काही होती. मग हळू आवाजात म्हणाली, "दुपारच्या वेळी कुणी नसतं. तेव्हा जरा जरा वर येऊन बघ."

बोलकी येऊ लागली. आधी कपारीतल्या शेवाळापर्यंत, मग खालच्या पायरीपर्यंत. एका दुपारी ती इतकी वर आली की उंबराचं एक पान तिच्यात दिसलं. किती वर्षांनी दिसलं! ती रडली असावी, पण पाण्यात ते वेगळं कळत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला आक्काचा निरोप आला. "माझ्याकडं एकजण आलं होतं. माझ्यात जागा कुठली, मासेबेडूक सगळे खच्चून भरलेत. तुझ्याकडं पाठवलंय. दम फार लांब आहे बघ त्याचा. तुला पुरेल."

ते एक कासव होतं. त्याच्याइतका श्वास त्या प्रदेशात कुणालाच रोखता येत नसे. ते ज्या डबक्यात वाढलं तिथले कोल्हे त्याला उलटं करून खेळायचे. श्वास धरून मेल्यासारखं पडून राहायला ते तिथंच शिकलं होतं. पण हे आक्काला माहीत नव्हतं, बोलकीला तर नाहीच.

त्या सकाळी बोलकी खालच्या पायरीला टेकून थांबली होती.

"आहेस का?" वरून जाड, सावकाश आवाज आला.

आहे, आहे, असं तिला झालं. खडा सुटला. शीळ वाजली. तिनं पायरी घट्ट धरायला पाहिलं, भिंतीतल्या मुळ्यांना लटकायला पाहिलं. पाणी तिच्या हातून निसटलं आणि पूर्वी कधी गेलं नव्हतं इतकं खाली गेलं.

कासव थांबलं. रीतीप्रमाणे थांबलं, मग दुसरं कुणी थांबलं नसतं इतकं थांबलं. छाती दुखायला लागली तेव्हा त्याचा श्वास आपोआप सुटला.

"बरं," ते म्हणालं. कुणाला म्हणालं, कोण जाणे.

त्यानं निघून जायला हवं होतं, पण पाय उचलेनात. तिथंच काठावर त्यानं पाय आत घेतले, मान आत घेतली. आत गेलं की त्याला बाहेरचं काही ऐकू येत नसे, फक्त आपल्याच छातीचे ठोके.

तेवढ्यात खालून उत्तर आलं. डुबुक. स्वच्छ, भरलेला आवाज. तो शेवाळावरून, पायरीवरून, एकेक चिरा ओलांडत वर आला आणि काठावर पोचून उन्हात विरून गेला.

बोलकीनं वर पाहिलं. कोण आलंय ते एकदा तरी बघावं म्हणून, सगळा धीर गोळा करून पाहिलं. आभाळाच्या त्या लहानशा गोलात, अगदी काठावर, एक काळा, कठीण, वाटोळा दगड ठेवलेला होता.

तिनं आवाज केला नाही. पाणी हळूच आणखी हातभर खाली सरकलं.